बाबा सीमेवर, मूल वर्गात: सातारा-सांगलीतल्या सैनिकांच्या मुलांना शाळेत कोणती मदत हवी?

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. आजही सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फौजीचं घर नाही असं गाव शोधावं लागेल. देशातली पहिली सैनिक स्कूलही १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. पण फौजींची बहुतेक मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा गावच्या हायस्कूलमध्येच, तुमच्या-आमच्या मुलांशेजारी बसतात.

त्यांची अडचण काय असते?

पोस्टिंग 'पीस'ला असेल तर कुटुंबाला सोबत क्वार्टर मिळू शकतं. 'फील्ड'ला, म्हणजे सीमेवर, ते शक्य नसतं. मग आई मुलांना घेऊन गावी येते. दुसरीपर्यंत पठाणकोटला हिंदी-इंग्रजीत शिकलेलं मूल तिसरीत थेट मराठी वर्गात बसतं. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत मराठी सक्तीची आहे. गणितात पुढे असलेलं मूल जोडाक्षरांपाशी अडतं आणि 'कच्चं' ठरतं.

दुसरी अडचण दिसत नाही. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या काळात रजेवर आलेल्या जवानांना परत बोलावलं गेलं. टीव्हीवरची ती बातमी इतरांसाठी चर्चेचा विषय होती. या मुलांसाठी ती बाबांची बातमी होती. अशा वेळी मूल गप्प होतं, चिडतं किंवा गृहपाठ टाळतं. वर्गात त्याला बेशिस्त समजलं जातं.

दाखला नसेल तर प्रवेश मिळतो का?

हो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळा जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारू किंवा लांबवू शकत नाहीत.

शिक्षक काय करू शकतात?

- प्रवेशाच्या वेळी मूल आधी कुठल्या भाषेत, काय शिकलं हे विचारा.
- पहिले काही महिने मराठीसाठी वेगळा वेळ द्या. गणित-विज्ञानाची उत्तरं तोंडी घ्या.
- बाबा रजेवर कधी येणार, कधी जाणार हे आईकडून समजून घ्या. ते गेल्यानंतरचा आठवडा जड असतो.
- पालकसभेला आजोबा किंवा मामा आले तरी चालतील, असं आधीच सांगा.
- 'तुझे बाबा लढाईला गेलेत का?' असं सगळ्या वर्गासमोर विचारू नका.
- बोनाफाईड वेळेवर द्या. मुलांच्या शिक्षण भत्त्यासाठी जवानाला शाळेचा दाखला लागतो.

मूल फारच खचलेलं वाटलं तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

माजी सैनिकांच्या मुलांसाठी काय आहे?

हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत केंद्रीय सैनिक बोर्डाचं शिक्षण अनुदान मिळू शकतं. नोव्हेंबर २०२५ पासून ते दर मुलामागे महिना १,००० वरून २,००० रुपये झालं. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे. तिच्यात २०१९ पासून मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये असा दर आहे. त्यासाठी बारावीला किमान ६० टक्के लागतात. चौकशी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.

इतर देश काय करतात?

ब्रिटनमध्ये इंग्लंडच्या शाळांना २०११ पासून सैनिकांच्या मुलांमागे वेगळा निधी मिळतो. अमेरिकेत सगळी ५० राज्यं एका करारात आहेत, त्यामुळे राज्य बदललं तरी मुलाचा प्रवेश आणि वर्ग अडत नाही.

आणि आपण?

शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाच्या बाबांचं पोस्टिंग, युनिट किंवा गणवेशातला फोटो टाकू नका. तणावाच्या काळात खातरजमा न केलेले व्हिडीओ पुढे पाठवू नका. तो फोन त्या घरातलं मूलही बघत असतं.