पडदा मोठा की माहिती मोठी?

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर पाच महासरोवरे आहेत. त्यांपैकी संपूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीत असलेले सरोवर म्हणजे मिशिगन. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौ. कि.मी. आणि सर्वाधिक खोली २८१ मीटर आहे. या सरोवरात सामन मासा मुळात नव्हता. समुद्रातून कालव्यांच्या वाटेने शिरलेल्या एलवाइफ या लहान माशांची येथे बेसुमार वाढ झाली, तेव्हा त्यांना खाणारा मासा हवा म्हणून मिशिगन राज्याने १९६६ साली कोहो आणि १९६७ साली चिनूक या जातींचे सामन पाण्यात सोडले. ते येथे रुजले आणि त्यांच्यामागे हौशी मासेमारांच्या लहान नावाही आल्या.

या मासेमारीला ट्रोलिंग म्हणतात. ताशी ३ ते ५ कि.मी. वेगाने नाव चालवायची आणि मागे चमकदार पत्र्याचे आमिष ओढत न्यायचे. आमिष खोल उतरावे म्हणून पोलादी तारेच्या टोकाला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा बांधतात. आमिषाची दोरी गोळ्याजवळ एका चिमट्यात अडकवलेली असते. माशाने हिसका दिला की ती चिमट्यातून सुटते.

अशा एका नावेवर जुना, लहान पडद्याचा फिशफाइंडर आहे असे समजा. मालकाने थोडे पैसे बाजूला ठेवले आहेत. दुकानात मोठे रंगीत पडदे आहेत, जी.पी.एस. नकाशे आहेत, नाव आपोआप वळवणारी सुकाणू-यंत्रे आहेत. काय घ्यावे? जाहिरात म्हणते, मोठा पडदा. भौतिकी वेगळाच प्रश्न विचारते: हे उपकरण कोणती राशी मोजते, आणि ती राशी कळल्यामुळे आपला कोणता निर्णय बदलतो?

आधी जीव, मग मासा

सरोवराचे पाणी १० अंश से. असेल, तर पाण्यात पडलेल्या माणसाच्या हातापायांतील ताकद काही मिनिटांतच कमी होऊ लागते. म्हणून अंगावरच्या तरंगत्या जाकिटानंतर पहिला खर्च व्ही.एच.एफ. रेडिओचा. मोबाइलवरील हाक एकाच माणसाला ऐकू जाते, शिवाय किनारा दूर राहिला की त्याचा भरवसा नसतो. रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर दिलेली हाक तटरक्षक दलाला आणि टप्प्यात असलेल्या, रेडिओ चालू ठेवलेल्या सर्व नावांना ऐकू येते. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, म्हणून अँटेना जितका उंच तितका टप्पा अधिक. चांगला अँटेना उंच बसवण्यावरचा खर्च कधीच वाया जात नाही.

दुसरा खर्च विजेच्या तारांचा. ४० वॅटचा मोठा पडदा १२ व्होल्टवर सुमारे ३.३ अँपिअर प्रवाह घेतो. बॅटरी सहा मीटर अंतरावर असेल, तर जाऊन-येऊन तार बारा मीटर होते. १ चौ. मि.मी. छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. म्हणजे एकूण रोध ०.२ ओहम, आणि वाटेतच सुमारे ०.७ व्होल्ट खर्च! बॅटरी थोडी उतरलेली असताना एंजिन सुरू केले की असा पडदा बंद पडून पुन्हा चालू होतो, आणि दोष मात्र पडद्याला दिला जातो. ४ चौ. मि.मी.ची तार घातली की ही घट ०.२ व्होल्टच्याही खाली येते. हाच पडदा आठ तासांत सुमारे २७ अँपिअर-तास वीज घेतो, तर १० वॅटचा लहान पडदा सातपेक्षाही कमी. एंजिन सुरू करण्याची बॅटरी म्हणूनच वेगळी ठेवावी.

प्रतिध्वनीचे चित्र

फिशफाइंडर दाबविद्युत स्फटिकाच्या साहाय्याने श्राव्यातीत ध्वनीचे स्पंद पाण्यात सोडतो आणि त्यांचा प्रतिध्वनी ऐकतो. गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४५० मीटर असतो. ३० मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी परत यायला सुमारे ०.०४ सेकंद लागतो. पाणी आणि हवा यांच्या सीमेवरून ध्वनीची जवळजवळ सर्व ऊर्जा परत फिरते. माशाच्या पोटात वायूची पिशवी असते. पडद्यावर प्रामुख्याने दिसते ती हीच पिशवी! याच कारणाने नावेच्या बुडाखालून येणारे बुडबुडे ध्वनीची वाट अडवतात. संवेदक बुडबुड्यांपासून दूर, स्वच्छ वाहत्या पाण्यात बसवला तर जुन्या यंत्राचे चित्रही सुधारते, आणि त्याला खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

पडद्यावर मासा कमानीसारखा का दिसतो, हे पायथागोरसच्या प्रमेयाने सांगता येते. ध्वनीचा झोत २० अंश कोनाच्या शंकूसारखा आहे आणि मासा २० मीटर खोल आहे असे धरू. त्या खोलीवर शंकूची त्रिज्या सुमारे ३.५ मीटर होते. मासा शंकूच्या कडेला असताना तो नावेपासून √(२०² + ३.५²), म्हणजे सुमारे २०.३ मीटर दूर असतो. बरोबर खाली आल्यावर २० मीटर. कमानीची उंची म्हणजे हा ३० सेंटिमीटरचा फरक. ३० मीटर खोली ४८० ठिपक्यांच्या पडद्यावर दाखवली, तर कमान पाच ठिपके उंच होईल, २४० ठिपक्यांवर जेमतेम अडीच. तेव्हा पडदा किती इंची आहे यापेक्षा उभ्या दिशेत किती ठिपके आहेत ते पाहावे.

बाजूला दूरवर पाहणारी उच्च कंप्रतेची यंत्रे आकर्षक असतात. पण गोड्या पाण्यात ध्वनीचे शोषण कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २०० किलोहर्ट्झऐवजी ८०० किलोहर्ट्झ वापरले, तर दर मीटरला शोषण सोळापट! उथळ पाण्यात ही यंत्रे सुरेख चित्र देतात, खोल पाण्यात त्यांची नजर लवकर संपते.

मासा कोठे असेल?

उन्हाळ्यात सरोवराचे पाणी थरांत विभागते. वर सुमारे २० अंशांचे हलके पाणी, खाली चार-पाच अंशांचे जड पाणी, आणि मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा पातळ थर. चिनूकला साधारण १० ते १३ अंशांचे पाणी मानवते, म्हणून तो बहुधा या मधल्या थराच्या आसपास सापडतो. हा थर एका जागी राहत नाही. वाऱ्याने वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले की खालचे थंड पाणी वर येते, आणि कालचा १५ मीटर खोल असलेला थर आज पाच मीटरवर असू शकतो. नावेच्या बुडाला बसवलेला तापमापक यातले फारच थोडे सांगतो. त्यापेक्षा खुणा केलेल्या दोरीला बांधून खाली सोडलेला साधा विद्युत-तापमापक अधिक उपयोगी पडतो.

कोणता वेग?

जी.पी.एस. नावेचा वेग सांगतो, पण तो जमिनीच्या सापेक्ष. आमिष नाचते ते त्याच्याभोवतीच्या पाण्याच्या सापेक्ष वेगाने. २५ मीटर खोलीवर ताशी ०.५ कि.मी.चा प्रवाह उत्तरेकडे वाहत असेल, तर ताशी ४ कि.मी. वेगाने उत्तरेकडे निघालेल्या नावेचे आमिष पाण्यातून ३.५ने जाते आणि परतताना ४.५ने. जी.पी.एस.च्या पडद्यावर दोन्ही वेळा ४च दिसतात! मासे एकाच दिशेने जाताना लागतात, परतताना लागत नाहीत, अशी तक्रार मासेमार करतात. तिचे एक कारण यात आहे. वरचा प्रवाह आणि खोलीवरचा प्रवाह अनेकदा वेगळ्या दिशांनी वाहतात, त्यामुळे पृष्ठभागावरचे वेगमापक चक्रही येथे पुरे पडत नाही.

गोळाही सरळ खाली राहत नाही. ३० मीटर तार सोडली आणि ती उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर खरी खोली सुमारे २६ मीटरच भरते. ज्या थरात दर मीटरला तापमान एक-दोन अंशांनी बदलते, तेथे चार मीटरची चूक थोडी नव्हे.

यासाठी गोळ्याजवळच बसवायचा संवेदक मिळतो. तो तेथील वेग आणि तापमान, काही प्रकारांत खोलीही, मोजतो. रेडिओलहरी पाण्यात फार दूर जात नाहीत, म्हणून तो ध्वनीच्या स्पंदांनी किंवा वेष्टण असलेल्या तारेमधून निरोप वर पाठवतो. त्याच्यासोबतच्या लहान पडद्यावर फक्त दोन-तीन आकडे दिसतात. चित्र नसते, रंग नसतात. पण आमिष वर घ्यावे की खाली सोडावे, नाव हळू करावी की जलद, हे निर्णय याच आकड्यांवर ठरतात.

खरेदीचा क्रम

तेव्हा आपल्या मालकाने आधी रेडिओ आणि अँटेना घ्यावा. मग जाड तारा घालून संवेदकाची जागा सुधारावी. त्यानंतर दोरीचा तापमापक, आणि पैसे जमतील तेव्हा गोळ्याजवळचा संवेदक. जुना फिशफाइंडर तळ आणि मासा दाखवत असेल, तर मोठा पडदा सर्वांत शेवटी. नावेवर दुसरा माणूस नसेल, तर आपोआप चालणारे सुकाणू पडद्याच्या आधी घेणे योग्य, कारण एकट्याचे हात गळात गुंतलेले असताना नाव सरळ ठेवायला कोणीतरी हवे.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी यादी करताना हाच प्रश्न विचारता येतो: या उपकरणाने आपल्याला माहीत नसलेले काय कळेल, आणि ते कळल्यावर आपण काय वेगळे करू? विद्यार्थ्यांना वरील उदाहरणात एक बदल करून द्यावा. खोलीवरचा प्रवाह उत्तरेऐवजी पूर्वेकडे ताशी ३ कि.मी. वेगाने वाहत आहे आणि नाव उत्तरेकडे ताशी ४ कि.मी. वेगाने चालली आहे. आमिष पाण्यातून कोणत्या वेगाने आणि कोणत्या दिशेने जाईल? सरोवरात इतका जोरदार प्रवाह सहसा नसतो, पण हे आकडे निवडण्याचे कारण विद्यार्थ्यांच्या लगेच ध्यानात येईल.