सागाची फरशी: पॉलिश कोणतं आणि निगा कशी?

आपल्याकडे फरशी म्हणजे धुण्यापुसण्याची गोष्ट. शहाबादी असो, तांडूरची असो की टाइल, बादलीभर पाणी, झाकणभर फिनेल आणि फडकं एवढ्यावर तिचं भागतं. लाकडी फरशीला नेमकं हेच चालत नाही. हल्ली हैदराबादच्या बऱ्याच नव्या फ्लॅटमध्ये एखाद्या बेडरूमला लाकडी फरशी असते. तिचंही आपण बाकीच्या घरासारखंच करायला जातो आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिची रया जाते.

विद्यानगरच्या आमच्या घरात हा विषय निघाला तो आई-बाबांच्या खोलीमुळे. नांदेडकडचं आजोबांचं माळवदाचं घर उतरवलं तेव्हा सागाच्या जुन्या तुळया निघाल्या. त्या चिरून फळ्या काढल्या आणि या खोलीत बसवल्या. इतका मुरलेला जुना साग आज सहज मिळत नाही. त्यामुळे फरशी किती चमकेल यापेक्षा ती किती पिढ्या टिकेल, हा प्रश्न मोठा होता.

आधी लाकूड ओळखा

लाकडी फरशी तीन प्रकारची असते. लॅमिनेट म्हणजे दाबून केलेल्या भुशाच्या पाटीवर लाकडाचं छापील चित्र आणि त्यावर कडक थर. तिला पॉलिश करता येत नाही. खराब झालेली पाटी बदलायची, बस. इंजिनिअर्ड फरशीत प्लायवर खऱ्या लाकडाचा पातळ थर असतो. तो तीन-चार मिलिमीटरचा असेल तर एक-दोनदा घासून नवा करता येतो. तिसरी भरीव लाकडाची.

आमच्या फळ्या भरीव, 18 मिलिमीटर जाडीच्या. पण फळ्या एकमेकींत अडकवण्याची जी खाच असते, तिच्यावर जेमतेम 6 मिलिमीटर लाकूड उरतं. मशीनने पूर्ण घासाई केली की दर वेळी अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जातं. म्हणजे फार तर पाच-सहा घासाया, की फरशी संपली. पॉलिशचं खरं काम इथे कळतं. लाकडाऐवजी पॉलिशने झिजायचं असतं. म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न "सगळ्यात मजबूत कोणतं?" हा नाही. "झिजलं की लाकूड न तासता दुरुस्त कसं करायचं?" हा आहे.

चार पर्याय

लाखेचं पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, जुन्या कपाटांवर अप्रतिम दिसतं. पण पाणी सांडलं की त्यावर पांढरा डाग उठतो, गरम भांडं ठेवलं की खूण पडते. जमिनीसाठी ते नको.

मेलामाइन फर्निचरवाल्यांचं आवडतं. कडक असतं, पण फळ्या फुगतात-आकसतात तसं त्याला तडे जाऊ शकतात.

तेलाचं फिनिश जवसाच्या तेलाचं असतं. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात तेच. हे तेल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होऊन लाकडातच बसतं. ओरखडा पडला तर तेवढाच भाग हलका घासून पुन्हा तेल लावता येतं. मात्र वर्षा-दोन वर्षांनी सगळ्या खोलीला हात फिरवावा लागतो आणि पाण्यापासून संरक्षण बेताचं मिळतं. "मग खोबरेल लाव की," असं आई म्हणाली. पण खोबरेल कधी वाळत नाही. ते चिकट राहतं आणि धूळ धरतं. आणखी एक महत्त्वाचं: बेलतेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात बुडवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

चौथा पर्याय पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. हा लाकडावर पारदर्शक थर देतो आणि पाण्याला चांगला अडवतो. तेलावर आधारित पीयूने लाकूड पिवळसर दिसतं आणि वास बरेच दिवस राहतो. पाण्यावर आधारित पीयू लवकर वाळतो आणि वास कमी येतो. त्याची अडचण एकच: मधल्याच भागात डागडुजी केली तर ठिगळ दिसतं.

आम्ही काय निवडलं

आम्ही पाण्यावर आधारित मॅट पीयूचे तीन हात दिले. आई-बाबा अंघोळ करून ओल्या पावलांनी खोलीत येतात आणि फरशी रोज पुसायला बाई येतात. अशा घरात तेल तग धरत नाही. मॅट अशासाठी, की चकचकीत फरशीवर प्रत्येक ओरखडा दिसतो. देवघराखाली मात्र तांडूरचा दगड बसवला. समईचं तेल, कुंकू, हळद आणि अभिषेकाचं पाणी लाकडाच्या वाट्याला यायलाच नको.

साग अंगचाच तेलकट असतो, त्यामुळे पॉलिश नीट धरत नाही. घासाईनंतर पहिल्या हाताआधी फळ्या योग्य थिनरने पुसून घ्यायला सांगा. काम शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. पावसाळ्याच्या दमट हवेत पॉलिश नीट वाळत नाही. वरवर वाळलं तरी पूर्ण कडक व्हायला पाण्याच्या पीयूला एक-दोन आठवडे आणि तेलाच्या पीयूला महिनाभर लागतो. तोवर सतरंजी अंथरू नका.

रोजची निगा

फरशीचा पहिला शत्रू पाणी नाही, तर कच. चपलांबरोबर आलेली बारीक वाळू पायाखाली पॉलिश पेपरसारखी घासते. रांगोळी म्हणजेही दगडाची पूडच. दाराशी पायपुसणं, रोज मऊ झाडू, आणि खुर्च्या-चौरंगांच्या पायांना फेल्टच्या चकत्या एवढ्याने निम्मं काम होतं.

पुसायचं ते घट्ट पिळलेल्या फडक्याने. फिनेल, व्हिनेगर, वाफेचा मॉप नको. पीयूवर मेण किंवा चकाकीचा स्प्रेही नको, कारण पुढचा हात त्यावर धरत नाही आणि वयस्कर माणसं घसरतात. हे नियम जो रोज फरशी पुसतो त्याला आधी सांगा, नव्हे, पॉलिश निवडतानाच त्याला विचारा. आमच्याकडे तेलुगूत दोनच शब्दांचा नियम आहे: "नीळ्ळु वद्दु", पाणी नको.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फळ्यांमध्ये बारीक फटी दिसतील. ऑगस्टमध्ये त्या बुजतील. रुंद फळी वर्षभरात मिलिमीटरभर सहज हलते. उन्हाळ्यात घाबरून फटीत लांबी भरली तर पावसाळ्यात फुगलेल्या फळ्यांना जागाच उरत नाही.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, वर्दळीच्या जागी पाण्याचे दोन थेंब टाका. थेंब तसेच गोल राहिले तर पॉलिश शाबूत आहे. पाच मिनिटांत लाकूड काळवंडलं तर थर झिजलाय. खरं तर त्याच्याही आधी, मॅट फरशीवर चालण्याची वाट निस्तेज दिसू लागली की वेळ झाली समजा. तेव्हा सगळ्या खोलीला अगदी बारीक पॉलिश पेपर फिरवून एक नवा हात द्यायचा. त्यात लाकूड जात नाही, फक्त जुना थर खरवडला जातो. हे वेळेवर होत राहिलं तर मशीनची घासाई वीस-वीस वर्षं लांबू शकते आणि खाचेवरचं 6 मिलिमीटर लाकूड पुढच्या पिढीच्या हाती जवळपास तसंच जाईल.