रोटोरुआमधील विनाशुल्क व अल्पखर्चिक कौटुंबिक पर्यटन

रोटोरुआ हे न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, रोटोरुआ सरोवराच्या दक्षिण काठी वसलेले शहर आहे. भूऔष्णिक क्रियेमुळे निर्माण झालेली उष्णोदकाची कुंडे, उकळत्या चिखलाचे हौद आणि गायझर, म्हणजे गरम पाण्याची नैसर्गिक कारंजी, यांसाठी ते प्रसिद्ध आहे. येथील मोठी पर्यटनस्थळे प्रवेशशुल्क आकारतात आणि मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबासाठी हा खर्च बराच होतो. मात्र शहरातील व परिसरातील अनेक उद्याने, वनवाटा, सरोवरांचे काठ आणि काही उष्ण झरे सर्वांना विनाशुल्क खुले आहेत. ही मोकळीक केवळ निसर्गाने दिलेली नाही. स्थानिक माओरी जमातींनी सार्वजनिक उपयोगासाठी दिलेल्या जमिनी आणि उष्णोदकाच्या उपशावर घातलेले निर्बंध यांचाही तिच्यामागे मोठा वाटा आहे.

भूरचना

रोटोरुआ शहर टाउपो ज्वालामुखी पट्ट्यात येते. शहरालगतचे सरोवर सुमारे ८० चौरस किलोमीटर क्षेत्राचे असून ते दोन लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच्या उद्रेकानंतर जमीन खचून तयार झालेल्या खोलगट भागात साठलेले आहे. पावसाचे पाणी जमिनीत खोल झिरपते, तप्त खडकांच्या सान्निध्यात तापते आणि भेगांतून पुन्हा वर येते. पाणी भरपूर असेल तेथे स्वच्छ उष्ण कुंड दिसते. पाणी कमी आणि वायू अधिक असतील तेथे आम्लामुळे खडक झिजून त्याची माती होते व चिखलाचा हौद तयार होतो. अरुंद भूमिगत पोकळीत अडकलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली की पाणी उसळून बाहेर पडते. हाच गायझर होय.

शहरभर जाणवणारा कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा असतो. या वायूमुळे चांदीचे दागिने काळे पडतात.

सार्वजनिक जमिनींची पार्श्वभूमी

रोटोरुआ परिसर हा टे अरावा या माओरी जमातसमूहाचा पारंपरिक प्रदेश आहे. स्वयंपाक, स्नान, घर उबदार ठेवणे व औषधोपचार यांसाठी उष्णोदकाचा वापर येथे पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. १८८० मध्ये न्गाटी फाकाऊए ही जमात आणि सरकार यांच्यात फेंटन करार झाला. जमिनीची मालकी माओरींकडे ठेवून ती भाडेपट्ट्याने द्यावी व तेथे शहर वसवावे, असे या कराराचे स्वरूप होते. त्यासोबत उद्याने व इतर सार्वजनिक कामांसाठी जमातीने जमिनी राखून दिल्या. पुढे भाडेपट्ट्याची व्यवस्था कोलमडली आणि सुमारे दहा वर्षांतच सरकारने शहराची बहुतांश जमीन विकत घेतली. सार्वजनिक उपयोगासाठी दिलेल्या जमिनींवर मात्र आजची प्रमुख उद्याने उभी आहेत.

परिसरातील १३ सरोवरांच्या तळांची मालकी २००६ च्या कायद्याने टे अरावा जमातींना परत मिळाली. त्यानंतरही सर्वसामान्यांना पोहण्यासाठी व नौकाविहारासाठी या सरोवरांचा वापर करता येतो.

शहरातील स्थळे

कुइराऊ उद्यान

शहराच्या मध्यभागी असलेले हे उद्यान उकळती कुंडे व चिखलाचे हौद विनाशुल्क पाहण्याचे सर्वांत सोयीचे ठिकाण आहे. वाफाळत्या सरोवरावरून लाकडी पदपथ गेला आहे. उद्यानात पाय बुडवून बसण्यासाठी कोमट पाण्याचे हौद व मुलांसाठी खेळाची जागा आहे. कुइराऊ नावाच्या तरुणीला जलचर ‘टानिफा’ने सरोवराच्या तळाशी ओढून नेले, तेव्हा संतप्त देवांनी पाणी उकळवून त्याचा नाश केला, अशी उद्यानाच्या नावामागची आख्यायिका सांगितली जाते. जानेवारी २००१ मध्ये येथे अचानक वाफेचा स्फोट होऊन चिखल व दगड उंच उडाले होते. कुंडांभोवतीची कुंपणे नवीन निघालेल्या वाफेच्या जागांनुसार बदलावी लागतात.

गव्हर्नमेंट गार्डन्स व सल्फर बे

सरोवराकाठच्या या उद्यानात १९०८ मध्ये सुरू झालेली स्नानगृहाची इमारत आहे. युरोपातील आरोग्यस्नानाच्या धर्तीवर न्यूझीलंड सरकारने ती बांधली. नंतर तेथे संग्रहालय आले. भूकंपाच्या दृष्टीने इमारत असुरक्षित ठरल्यामुळे २०१६ मध्ये ते बंद करण्यात आले. इमारतीभोवतीच्या बागा मात्र विनाशुल्क पाहता येतात. उद्यानापासून सल्फर बे या उपसागराच्या काठाने पायवाट जाते. गंधकामुळे येथील पाणी दुधाळ दिसते. हा भाग पक्ष्यांसाठी राखीव असून लहान मुलांनाही झेपेल एवढे हे चालणे आहे.

ओहिनेमुटू

ओहिनेमुटू हे सरोवराकाठचे माओरी गाव रोटोरुआ शहरापेक्षा जुने आहे. टामाटेकापुआ हे कोरीवकामाने सजलेले सभागृह आणि सेंट फेथ्स हे अँग्लिकन चर्च ही येथील मुख्य आकर्षणे आहेत. चर्चच्या एका काचेवर माओरी अंगरखा घातलेला ख्रिस्त कोरलेला आहे. काचेपलीकडे सरोवर असल्याने तो पाण्यावरून चालत असल्याचा भास होतो. हे प्रदर्शनासाठी उभारलेले गाव नसून नांदती वस्ती आहे. घरांच्या आवारात किंवा सभाप्रांगणात परवानगीशिवाय जाणे तेथील रीतीविरुद्ध मानले जाते.

सरोवरकाठ व बाजार

शहरालगतच्या सरोवरकाठी खेळाचे मोठे मैदान व फिरण्यासाठी पदपथ आहे. काठावरून मोकोइया बेट दिसते. हिनेमोआ ही तरुणी प्रियकर टुटानेकाई याच्या बासरीच्या सुरांच्या दिशेने रात्री पोहत या बेटावर गेली, ही टे अरावा परंपरेतील प्रसिद्ध प्रेमकथा आहे. टुटानेकाईच्याच नावाच्या रस्त्यावर गुरुवारी सायंकाळी खाद्यपदार्थांचा बाजार भरतो. याच रस्त्याच्या सरोवराकडील टोकाला पदपथ भूऔष्णिक उष्णतेने उबदार ठेवला आहे. कुइराऊ उद्यानात शनिवारी सकाळी बाजार असतो. पावसाळी दिवसांत कुटुंबांना ‘टे आका माउरी’ या सार्वजनिक ग्रंथालयाचा आधार असतो. २०१८ पासून त्याच इमारतीत बालआरोग्य केंद्रही आहे.

शहराबाहेरील स्थळे

फाकारेवारेवा वन

शहराला लागून असलेल्या या वनात १९०१ मध्ये कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्षांची लागवड झाली. परदेशांतील कोणत्या जाती न्यूझीलंडमध्ये लाकडासाठी वाढतील, हे तपासण्याच्या प्रयोगांचा तो एक भाग होता. त्यांतील सर्वांत उंच वृक्ष आता ७० मीटरहून अधिक उंच आहेत. महायुद्धांत मृत्यू पावलेल्या वनविभागाच्या कर्मचाऱ्यांची स्मृती म्हणून रेडवुडचा एक भाग जपला आहे. पायवाटा रंगांच्या खुणांनी दाखवल्या असून अर्ध्या तासापासून दिवसभरापर्यंतचे पर्याय आहेत. चालण्यास व स्वतःची सायकल चालवण्यास शुल्क नाही. वृक्षांना टांगलेल्या झुलत्या पुलांवरील फेरीसाठी मात्र तिकीट घ्यावे लागते.

सरोवरे व धबधबे

टिकिटापू अर्थात निळे सरोवर पोहण्यासाठी लोकप्रिय असून त्याभोवती सुमारे साडेपाच किलोमीटरची पायवाट आहे. शेजारचे रोटोकाकाही अर्थात हिरवे सरोवर पवित्र मानले जाते व ते खासगी मालकीचे आहे. तेथे पोहण्यास व नौकाविहारास मनाई आहे. दोन्ही सरोवरांचे रंग एकाच जागेवरून पाहता येतील असे ठिकाण रस्त्याकडेला आहे.

रोटोरुआच्या ईशान्येस ओकेरे येथे काइटुना नदीचे धबधबे आहेत. येथील पायवाटेवरून सुमारे ७ मीटर उंचीच्या धबधब्यावरून तराफे कोसळताना दिसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जलविद्युत केंद्राचे अवशेषही या वाटेवर आहेत.

दक्षिणेकडील उष्ण झरे

शहराच्या दक्षिणेस राज्य महामार्ग ५ वरून केरोसीन क्रीक या नैसर्गिक उष्ण ओढ्याकडे कच्चा रस्ता जातो. पावसानुसार त्याचे तापमान बदलते. जवळच्या माउंगाकाकारामेआ अर्थात इंद्रधनुष्य पर्वतावर रंगीत विवरसरोवरांची पायवाट आहे. वाइ-ओ-टापू हे सशुल्क स्थळ असले तरी त्याच्याजवळील चिखलाचा मोठा हौद विनाशुल्क पाहता येतो. पृष्ठभागावर येणारे बुडबुडे व उडणारा चिखल दाखवत मुलांना भूऔष्णिक क्रिया समजावण्यास ही जागा उपयुक्त आहे.

उष्णोदकाचे संरक्षण

विसाव्या शतकात घरे, हॉटेले व स्नानकुंडे तापवण्यासाठी शहरात शेकडो कूपनलिका खोदल्या गेल्या. वापरणाऱ्यांना हे पाणी जवळपास फुकट वाटत असले, तरी भूगर्भातील दाब घटत गेला आणि त्याची झळ फाकारेवारेवा येथील झऱ्यांना बसली. पापाकुरा हा गायझर १९७९ मध्ये थांबला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने पोहुटू गायझरपासून दीड किलोमीटर परिघातील कूपनलिका बंद करण्याचा आदेश दिला. स्वस्त उष्णता गमावणाऱ्या रहिवाशांचा त्याला तीव्र विरोध होता. त्यानंतर भूगर्भातील पाण्याची पातळी वाढू लागली व अनेक झरे पुन्हा वाहू लागले. पापाकुरा २०१५ मध्ये पुन्हा उसळला. पोहुटू गायझरचे पाणी ३० मीटरपर्यंत उंच उडते. टे पुइया या सशुल्क केंद्रातून तो जवळून पाहता येतो.

सुरक्षितता

विनाशुल्क स्थळांवर मार्गदर्शक किंवा पहारेकरी सहसा नसतात, त्यामुळे मुलांची जबाबदारी पूर्णपणे पालकांवर येते. उष्ण कुंडाकाठची जमीन वरून घट्ट दिसली तरी आतून पोकळ असू शकते. म्हणून कुंपण ओलांडणे किंवा पदपथ सोडणे जिवावर बेतू शकते. कुंडाचे पाणी हाताने तपासू नये, कारण शांत दिसणारे पाणीही उकळते असू शकते.

नैसर्गिक उष्ण पाण्यात स्नान करताना डोके पाण्याखाली नेऊ नये आणि नाकात पाणी जाऊ देऊ नये. अशा पाण्यातील अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून मेंदूज्वर होऊ शकतो. हा आजार दुर्मीळ असला तरी बहुधा प्राणघातक ठरतो. हायड्रोजन सल्फाइड उघड्यावर विरळ होतो, परंतु बंदिस्त व खोलगट जागी तो साचून धोकादायक बनतो. त्यामुळे अशा जागी मुलांना थांबू देऊ नये आणि भूऔष्णिक स्नानगृहात हवा खेळती ठेवावी.