रिबीन कापल्यानंतरचं उड्डाण

2025च्या वसुबारसेच्या दिवशी, 17 ऑक्टोबरला, नाशिकजवळच्या ओझरच्या धावपट्टीवरून तेजस मार्क-1ए हे लढाऊ विमान उडालं. संरक्षणमंत्री हजर होते, उतरल्यावर विमानाला पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी मिळाली, दिवाळीच्या तोंडावर फोटोही झकास आले. तेवढं सगळ्यांनी वाचलंय. पण बातमीच्या शेपटाला वैमानिकाचं नाव होतं, तिथवर किती जण पोचले कोण जाणे: ग्रुप कॅप्टन के. के. वेणुगोपाल. हवाई दलातून निवृत्त झालेले आणि आता हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे, म्हणजे एचएएलचे, मुख्य चाचणी वैमानिक.

आमच्या पुणे जिल्ह्यातल्या कवठे येमाईवरून लोहगावच्या हवाई तळाचं सुखोई गेलं, की कांद्याच्या वाफ्यात वाकलेली माणसं अजूनही मान वर करतात. बारावीतली पोरं एनडीएच्या परीक्षेची चौकशी करतात. लढाऊ वैमानिक कसं व्हायचं, हे आता गावोगाव माहीत झालंय. पुढे चाळिशीनंतर तो काय करतो, हे कोणी विचारत नाही. प्रवासी विमान कंपनीत जात असेल, असा सगळ्यांचा समज, आणि पुष्कळ जण जातातही. थोडे मात्र कारखान्याची वाट धरतात. त्यातलं सगळ्यात मोठं नाव याच ओझरचं आहे, आणि ते ओझरचं आहे, हे नाशिकबाहेर फारसं कोणाला ठाऊक नाही.

राकेश शर्मा. 1984च्या एप्रिलमध्ये अंतराळात जाऊन आलेले. खडकवासल्याच्या एनडीएत शिकले, 1970मध्ये हवाई दलात आले, 1971च्या युद्धात मिग-21 मधून 21 मोहिमा केल्या. इंदिरा गांधींना त्यांनी अंतराळातून दिलेलं उत्तर शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. 1987 साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, विंग कमांडर या पदावरून ते निवृत्त झाले आणि एचएएलच्या नाशिक विभागाचे मुख्य चाचणी वैमानिक झाले. 1992पर्यंत ओझरला होते, नंतर बंगळुरूला गेले. ओझरजवळ मिगच्या चाचणीत जिवावर बेतलेल्या अपघातातून ते वाचले. अंतराळात ते आठ दिवसही नव्हते, ओझरला मात्र पाच वर्षं. आपण गौरव केला तो आठ दिवसांचा. अशोकचक्र त्यांना मिळालं ते योग्यच, पण ती पाच वर्षं मला जास्त अवघड वाटतात.

कारण कारखान्यातल्या चाचणी वैमानिकाचं काम तसंच आहे. नव्या नमुन्याचं पहिलंवहिलं उड्डाण करणारे वेगळे, त्यांची नावं इतिहासात जातात. मारुत विमानाची चाचणी घेताना 1970मध्ये गेलेले ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांच्या नावाचा बंगळुरूत रस्ता आहे. ओझरचा वैमानिक मात्र तेच विमान पुन्हा पुन्हा उडवतो. जोडणीच्या शेडमधून बाहेर आलेलं प्रत्येक विमान, शिवाय डागडुजीला आलेलं प्रत्येक जुनं. आधी जमिनीवर इंजिन चालवून बघायचं, मग धावपट्टीवर हळू आणि जोरात पळवून बघायचं, मग वर न्यायचं. वेग अगदी कमी करून बघायचा, अगदी वाढवून बघायचा. ब्रेक एकीकडे ओढतो का, इंजिन थरथरतं का, कुठला दिवा विनाकारण पेटतो का, हे सगळं टिपून उतरायचं. या तक्रारींना तिथे 'स्नॅग' म्हणतात. स्नॅगची यादी इंजिनिअरांच्या हातात द्यायची, ते दुरुस्ती करतात, की पुन्हा वर. सगळं नीट झालं की हवाई दलाचे वैमानिक ते स्वतः उडवून बघतात आणि ताब्यात घेतात.

यासाठी नुसतं चांगलं उडवता येऊन भागत नाही. बंगळुरूला हवाई दलाची चाचणी वैमानिकांची स्वतंत्र शाळा आहे, तिथला अभ्यासक्रम जवळजवळ वर्षभराचा. आपल्या गगनयान अंतराळ मोहिमेसाठी निवडलेले चौघेही चाचणी वैमानिकच. आणि हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग? तेही. तेजसच्याच चाचण्यांच्या कामात ते होते. फेब्रुवारी 2025मध्ये बंगळुरूच्या विमान प्रदर्शनात एचएएलवर सध्या आपला विश्वास नाही, असं ते बोलताना कॅमेऱ्यात सापडले, तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. मला त्यात नवल वाटलं नाही. विमानात खोट शोधण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, तो गोड बोलणार कसा?

खरी गोम पुढेच आहे. हवाई दलात असताना हा माणूस गिऱ्हाईक होता. कारखान्यात आल्यावर तो विकणाऱ्याच्या पगारावर असतो, आणि काम मात्र तेच, 'हे विमान अजून द्यायचं नाही' असं सांगण्याचं. 83 तेजसचा करार 2021चा. पहिलं विमान मार्च 2024मध्ये मिळायचं होतं, ते अमेरिकन इंजिनांच्या प्रतीक्षेत लांबलं. सप्टेंबर 2025मध्ये आणखी 97 विमानांचा करार झाला. त्याच आठवड्यात मिग-21 निवृत्त झालं, म्हणजे हवाई दलाला घाई आहे, कंपनीला घाई आहे, मंत्र्यांना तर आहेच. अशा वेळी स्नॅगची यादी लांबवणारा माणूस कोणाला आवडेल? सरकारी गुणवत्ता यंत्रणा असते, हे मान्य. पण वर गेल्यावर सीटवर ती नसते.

ओझर ज्या निफाड तालुक्यात आहे, त्याला चाचणीतला धोका वेगळा सांगावा लागत नाही. 27 जून 2018ला एचएएलचं सुखोई वावी ठुशीला शेतात कोसळलं. 4 जून 2024ला डागडुजीनंतरच्या चाचणीत दुसरं शिरसगावला पडलं. दोन्ही वेळा दोन्ही वैमानिक सीटसकट बाहेर पडून बचावले. आमच्या पुणे जिल्ह्यातही वाडे बोल्हाईला 2011मध्ये आणि थेऊरला 2014मध्ये सुखोई पडलं, पण ती विमानं हवाई दलाची होती. निफाडची कारखान्याकडची होती, आणि ती का पडली, हे तिथल्या शेतकऱ्यांना छापील स्वरूपात कोणी सांगितलेलं नाही. लष्करी विमानांच्या चौकशीचे अहवाल आपल्याकडे जाहीर होत नाहीत. गुप्ततेचं कारण युद्धाच्या बाबतीत पटतं. वावरात पडलेल्या विमानाचा बोल्ट ढिला होता की इंजिन, यात शत्रूला काय कळणार?

यशवंतराव चव्हाणांच्या काळात मिगचा कारखाना ओझरला आला आणि तिथे आजवर 900हून अधिक विमानं झाली. उड्डाणाच्याच दिवशी उद्घाटन झालेल्या तेजसच्या नव्या उत्पादन साखळीची क्षमता वर्षाला 8 विमानांची आहे, त्याच दिवशी सुरू झालेल्या एचटीटी-40 या शिकाऊ विमानांची भर वेगळी. शिवाय 12 नव्या सुखोईंचं काम डिसेंबर 2024मध्ये मिळालेलं आहे. तेव्हा उद्घाटनाच्या पाटीबरोबर एचएएलने दोन गोष्टी सांगून टाकाव्यात. ओझरला कायमचे चाचणी वैमानिक किती ठेवणार, आणि विमान नाकारण्याची त्यांची सही कंपनीतल्या कोणाला खोडता येते का.