व्हेंटिलेटरच्या नळीतला फुगा: २० ते ३० चा खेळ

ऐकायला वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी हा भाग लिहून देतोय, थोडा आवरून. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण आजचा आकडा इंजिनिअरला आवडेल असाच आहे.

बायपाससारखं मोठं ऑपरेशन झालं की पेशंटला काही तास, कधी काही दिवस, व्हेंटिलेटरवर ठेवतात. तोंडातून श्वासनलिकेत नळी घातलेली असते. तिच्या खालच्या टोकाजवळ, नळीभोवती, एक फुगा असतो. त्याचं नाव कफ. खोकल्यातला कफ नव्हे हं, शर्टाच्या बाहीला असतो तो शब्द!

या फुग्यामुळे मशीनने ढकललेली हवा बाजूने तोंडाकडे निसटत नाही. आणि घशात साचलेली लाळ खाली उतरायला अडते. गुंगीत असलेला माणूस नीट गिळत नाही, खोकत नाही. ती जंतूंनी भरलेली लाळ फुप्फुसात गेली की न्यूमोनियाची भीती.

मग भरा की दाबून हवा! तिथेच गोची आहे. श्वासनलिकेच्या अस्तराला अगदी बारीक वाहिन्यांतून रक्त मिळतं, फुगा टाइट झाला की त्या चेपतात. १९८४ साली सीगोबिन आणि व्हॅन हॅसेल्ट यांनी ४० पेशंटच्या श्वासनलिकेत दुर्बिणीने बघितलं. दाब ३० सेंटीमीटर पाण्याच्या वर गेला की रक्तपुरवठा कमी पडत होता. म्हणून आज साधारण २० ते ३० मध्ये राहायचं असं ठरलंय.

सेंटीमीटर पाणी म्हणजे काय? एक लिटरची बाटली भरून उभी ठेवा. तळाशी जो दाब असतो, तो साधारण एवढाच. गाडीच्या टायरमधले ३२ पीएसआय याच हिशेबात सुमारे २२५० होतात. इतका नाजूक मामला आहे.

आता हा दाब कळणार कसा? नळीची एक बारीक शाखा बाहेर येते, तिच्या टोकाला छोटा फुगा असतो, पायलट बलून. तो बोटांनी दाबून अंदाज घ्यायची जुनी सवय आहे. आपण सायकलचं चाक अंगठ्याने दाबून बघतो ना, तसंच. पण मोजून पाहिलं की अनुभवी बोटंसुद्धा चुकतात, आणि बरेचदा जास्त हवेच्या बाजूला. म्हणून मॅनोमीटर लावायचा.

आणि इथे मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट. मॅनोमीटर जोडला की फुग्यातली थोडी हवा त्याच्या नळीत शिरते. म्हणजे मोजण्यानेच दाब उतरतो! काट्यावर २२ दिसले, तर जोडण्याआधी त्याहून जास्त असणार. म्हणून नुसतं वाचून सोडायचं नाही, काटा लावलेला असतानाच हवा भरून योग्य आकड्यावर आणायची आणि मग काढायचा. आम्ही लोक याला बग म्हणतो, जो डीबगर लावला की वागणं बदलतो.

शिवाय दाब एका जागी थांबत नाही. मान वळली, कूस बदलली, खोकला आला की हलतो. भूल देताना नायट्रस ऑक्साइड वापरला असेल तर तो वायू हळूहळू फुग्यात शिरून दाब वाढवतो. आणि मोजतात कधी? बऱ्याच ठिकाणी शिफ्टमध्ये एकदा. आठ तासांत एकदा सर्व्हर बघणाऱ्याला कोणी नोकरीवर ठेवेल का? अर्थात नर्सकडे एकच पेशंट नसतो, हेही खरंच. सतत दाब राखणारी यंत्रं आहेत. २०११ साली फ्रान्समध्ये १२२ पेशंटवर झालेल्या चाचणीत अशा यंत्राने न्यूमोनियाचं प्रमाण घटलं. पण ती सगळीकडे नसतात. तोवर मॅनोमीटर आणि शिस्त.

घरचं कोणी आयसीयूत असेल तर नळीला हात लावू नका. "कफ प्रेशर किती आहे, सिस्टर?" एवढं नम्रपणे विचारायला मात्र हरकत नाही.

आणि घरी आल्यावर एक लक्षात ठेवा. जास्त दाबाने झालेली जखम भरताना श्वासनलिका अरुंद होऊ शकते, आणि त्रास काही आठवड्यांनी सुरू होतो. दम लागतो, श्वासाचा आवाज येतो, आणि त्याला दमा समजून औषधं चालू राहतात. असं काही वाटलं तर डॉक्टरांना पहिल्यांदा हेच सांगा: "हे व्हेंटिलेटरवर होते, नळी इतके दिवस होती."