खपाचा आकडा आणि उमटलेला ठसा : हिप-हॉपच्या आद्य गटांची तुलना

हिप-हॉपच्या पहिल्या पिढीतील सर्वांत मोठा गट कोणता, हा वाद अमेरिकेत जितका जुना तितकाच तो मुंबईच्या गल्ल्यांमध्येही आता रुळला आहे. वादाचा निकाल लागत नाही, याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. वाद घालणाऱ्यांपैकी एक जण लोकप्रियतेबद्दल बोलत असतो आणि दुसरा प्रभावाबद्दल. लोकप्रियता मोजायला सोपी. किती तबकड्या खपल्या, किती जणांनी गाणे पाहिले, हे आकड्यांत सांगता येते. प्रभाव मात्र नंतर आलेल्यांच्या बोलण्यात शोधावा लागतो. गोंदियासारख्या, मुंबईपासून सुमारे हजार किलोमीटर दूर असलेल्या जिल्ह्याच्या दृष्टीने तर हा फरक केवळ रसिकांच्या वादापुरता उरत नाही. तेथील तरुण कोणत्या भाषेत गाणार, हा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे.

या कलेचा आरंभ साधारणपणे 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क याने वाजवलेल्या मेजवानीपासून मानला जातो. पुढील काही वर्षे ही कला वस्तीतील मेळावे आणि हातोहात फिरणाऱ्या कॅसेट्स यांतूनच वाढली. 1979 मध्ये 'शुगरहिल गँग'चे 'रॅपर्स डिलाइट' हे गाणे आले आणि रॅप प्रथमच अमेरिकेच्या पहिल्या चाळीस गाण्यांत जाऊन बसले. हा गट मात्र वस्तीत तयार झालेला नव्हता. निर्मात्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी ध्वनिमुद्रणासाठी तीन तरुणांना एकत्र आणले होते. त्यांपैकी एकाने म्हटलेल्या ओळींचा मोठा भाग 'कोल्ड क्रश ब्रदर्स' गटातील ग्रँडमास्टर कॅझ याच्या वहीतला होता. कॅझला त्याचे श्रेय मिळाले नाही. कोल्ड क्रश ब्रदर्सच्या तबकड्याही फारशा खपल्या नाहीत. तरीही पुढे जगभर गाजलेल्या 'रन-डीएमसी'ने या गटाकडूनच धडे घेतल्याचे मोकळेपणाने सांगितले. पहिल्या गटाला श्रोते मिळाले, तर दुसऱ्याला शिष्य.

'ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह' या गटाचे उदाहरण आणखी बोलके आहे. 1982 च्या 'द मेसेज' या गाण्याने बिलबोर्डच्या मुख्य यादीत बासष्टाव्या क्रमांकापर्यंतच मजल मारली. परंतु मौजमजेपलीकडे जाऊन मोडकळीस आलेल्या वस्तीचे जगणे रॅपमध्ये सांगता येते, हे या गाण्याने दाखवून दिले. गंमत अशी, की गटाच्या नावावर निघालेल्या या गाण्यात गटातील मेली मेल एवढाच गायला होता आणि त्याच्या जोडीला ड्यूक बूटी हा स्टुडिओतील वादक होता. जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची जी राष्ट्रीय नोंदवही अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयात ठेवली जाते, तिच्या 2002 च्या पहिल्याच यादीत या गाण्याचा समावेश झाला. लोकप्रियता आणि प्रभाव एकाच गटाच्या वाट्याला येण्याचे ठळक उदाहरण म्हणजे रन-डीएमसी. 1986 च्या त्यांच्या 'रेझिंग हेल' या अल्बमच्या तीस लाख प्रती अमेरिकेत गेल्या. पुढच्या पिढीने त्यांचा पेहरावही उचलला आणि उच्चारणाची पद्धतही.

महाराष्ट्राच्या बाबतीत हीच मोजपट्टी लावून पाहता येते. 1992 मध्ये बाबा सहगलच्या 'ठंडा ठंडा पानी'ने रॅप हा शब्द घराघरांत नेला. पण त्यातून गायकांची परंपरा उभी राहिली नाही. ती उभी राहिली त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, मुंबईच्या वस्त्यांत. डिव्हाइन आणि नेझी यांचे 'मेरे गली में' 2015 मध्ये गाजले आणि त्यांच्या जीवनापासून स्फूर्ती घेतलेला 'गली बॉय' 2019 मध्ये पडद्यावर आला. लोकप्रियतेच्या निकषावर या धारेला तोड नाही. तिची भाषा मात्र मुख्यतः मुंबईची हिंदी होती.

त्याच सुमारास दोन गट वेगळ्या वाटेने चालले होते. धारावीतील 'डोपअॅडेलिक्झ'ने हिंदी, तमिळ आणि मराठी एकाच गाण्यात आणली आणि 2018 मध्ये रजनीकांतच्या 'काला' या चित्रपटापर्यंत मजल मारली. 'स्वदेशी' या गटाने प्रत्येकाने आपापल्या मातृभाषेत गावे, अशीच रचना ठेवली. एमसी मवाली मराठीत गाऊ लागला आणि 2022 मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी निधन पावलेला एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत. आरेच्या जंगलाच्या प्रश्नावरील 'द वारली रिव्होल्ट' या गाण्यात तेथील आदिवासी गायक प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. याच गटातील सौरभ अभ्यंकर हा अमरावतीचा. म्हणजे विदर्भाच्या भूमीतला कवी मुंबईच्या गटात आपली मराठी घेऊन उभा राहिला. पाहणाऱ्यांच्या संख्येत 'स्वदेशी' डिव्हाइनच्या जवळपासही जात नाही; परंतु आपल्या बोलीत गाण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, हे त्याने दाखवून दिले.

अर्थात, लोकप्रियतेला कमी लेखणेही चुकीचे ठरेल. 'गली बॉय'च्या संगीतातील 'इंडिया 91' या गाण्यात 'स्वदेशी'च्या कलावंतांना स्थान मिळाले, ते त्या चित्रपटाच्या मोठ्या व्यासपीठामुळेच. 'रॅपर्स डिलाइट' आले नसते, तर ब्राँक्सबाहेर फार थोड्यांना रॅप कळले असते. लोकप्रिय गट दार उघडतो आणि प्रभावी गट त्या दारातून आत कसे यायचे ते शिकवतो.

गोंदिया जिल्ह्याला हे नाते नवे नाही. धानाची कापणी झाली, की झाडीपट्टीत रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि वडसा येथील नाट्यमंडळींच्या प्रयोगांना हजारोंची गर्दी होते. या रंगभूमीचे मूळ मात्र दंडारीत सांगितले जाते, आणि दंडारीच्या वाट्याला तेवढी गर्दी आज येत नाही. खडी गंमतीत उभ्याने गाणारा शाहीर प्रसंग पाहून शब्द फेकतो. महाराष्ट्रात इतरत्र कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे शाहीर शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ, यावर एकमेकांना कवनांतून कोडी घालत आले. ब्राँक्समधील दोन गटांच्या शब्दयुद्धाचा नियम झाडीपट्टीतील म्हाताऱ्या रसिकाला समजावून सांगावा लागणार नाही.

प्रश्न आहे तो भाषेचा. मोबाइलवरून गोंदियात पोहोचणारे रॅप बहुतांशी मुंबईच्या हिंदीत किंवा पंजाबीत असते आणि अनुकरणही साहजिकच त्याचेच होते. वास्तविक यमकावर उभ्या असलेल्या या कलेला झाडीबोली अत्यंत सोयीची आहे. या बोलीत 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'र'. त्यामुळे 'फळ' हे 'फर' होऊन 'घर'शी जुळते आणि 'काळा' हा 'कारा' होऊन 'वारा'शी. प्रमाण मराठीत न जमणारी ही यमके आहेत. शाळेत ज्या उच्चारांसाठी मुलाला टोकले जाते, तेच उच्चार या कलेत त्याचे भांडवल ठरू शकतात.

झाडीबोलीतील पहिल्या यशस्वी गटाच्या नावावर उद्या लाखोंची प्रेक्षकसंख्या लागेलच असे नाही; ग्रँडमास्टर कॅझच्याही नावावर ती लागली नव्हती. आमगाव किंवा अर्जुनी मोरगावच्या एखाद्या मुलाने ते ऐकून आपली वही उघडली आणि 'फर' लिहिताना तो खोडला नाही, तर त्या गटाचा प्रभाव मोजण्यास तेवढी खूण पुरेशी आहे.