टिश्यू ठेवा, खुर्ची मिळवा! सिंगापूरच्या हॉकर सेंटरची चटकदार सफर

जगातल्या महागड्या शहरांच्या यादीत सिंगापूर कायम वरच्या नंबरात. हॉटेलच्या खोलीचं भाडं बघूनच घाम फुटतो! आणि याच शहरात चार-पाच सिंगापूर डॉलरमध्ये, म्हणजे साधारण तीनशे-साडेतीनशे रुपयांत, वाफाळतं, पोटभर आणि अव्वल दर्जाचं जेवण मिळतं, माहीत आहे का?

पत्ता : हॉकर सेंटर, म्हणजे फेरीवाल्यांचं खाऊघर. कुठलंही!

वर मोठ्ठं छप्पर, चारी बाजू मोकळ्या, एसीचा पत्ता नाही, डोक्यावर गरगरणारे पंखे. कडेने छोट्या-छोट्या स्टॉलच्या रांगा आणि मधोमध जमिनीत पक्की केलेली टेबलं-स्टुलं. चिनी, मलय, भारतीय, सगळ्यांची चूल शेजारी-शेजारी. अशी शंभराहून जास्त सेंटर या चिमुकल्या देशात आहेत.

पहिला धक्का जेवणाआधीच बसतो. टेबलावर माणूस नाही, फक्त टिश्यू पेपरचं एक छोटं पाकीट पडलंय. विसरलं का कुणी? छे! ते रिझर्व्हेशन आहे. या प्रकाराला तिथे ‘चोप’ म्हणतात. पाकीट ठेवायचं, निवांत रांगेत जायचं. टिश्यू नसेल तर छत्री चालते, ऑफिसचं आयकार्डसुद्धा चालतं! आणि ते पाकीट कुणी उचलत नाही. लेखी नियम नाही, पण पाळतात सगळे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या मंडळींना ही पद्धत शिकवावी लागणार नाही.

आता दुसरा धक्का. रस्त्यावरच्या खाण्याला मिशेलिन स्टार, म्हणजे रेस्टॉरंटांना मिळणारा मानाचा तारा, मिळू शकतो, माहीत आहे का? २०१६ मध्ये मिळाला, आणि एक नाही, दोन! मिशेलिनचा तारा मिळवणारे हे जगातले पहिले हॉकर स्टॉल.

एक होता चायनाटाउन कॉम्प्लेक्समधला चान होन मेंग यांचा. सोया सॉसमध्ये शिजवलेलं चिकन आणि भात. किंमत? तेव्हा सुमारे दोन सिंगापूर डॉलर! जगातलं सर्वांत स्वस्त मिशेलिन-स्टार जेवण म्हणून पेपरांत फोटो झळकले, रांगा लागल्या, पुढे परदेशात शाखाही निघाल्या. २०२१ मध्ये तारा गेला. पण पाच वर्षं आकाशातला तारा प्लास्टिकच्या ताटलीत होता, हे काय कमी आहे?

दुसरा स्टॉल हिल स्ट्रीट ताई ह्वा. पोर्क नूडल्स, वर काळ्या व्हिनेगरचा आंबट फटका. त्यांनी तारा नंतरही वर्षानुवर्षं सांभाळला. रांग मात्र लांबलचक, तेव्हा भूक लागायच्या आधीच उभे राहा!

आणि हो, ज्या चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये चान यांचा स्टॉल, ते सिंगापूरमधलं सर्वांत मोठं हॉकर सेंटर. खाण्याचे दोनशेहून जास्त स्टॉल, एकाच छपराखाली. रोज एक चाखला तरी अर्धं वर्ष निघून जाईल.

गॉर्डन रॅम्झी ठाऊक आहे ना? टीव्हीवर भल्याभल्या शेफना रडवणारा? २०१३ मध्ये तो सिंगापूरला आला आणि त्याने हॉकर पदार्थांत स्थानिकांशी थेट सामना खेळला. विषय तीन : चिली क्रॅब, चिकन राइस आणि लक्सा, म्हणजे नारळाच्या रश्श्यातल्या नूडल्स. निकाल लोकांच्या हाती. चिली क्रॅब त्याने जिंकला. चिकन राइस आणि लक्सा? हरला! २-१ ने मॅच सिंगापूरच्या खिशात. मला हा निकाल मनापासून आवडतो. वर्षानुवर्षं रोज एकच पदार्थ करणाऱ्या हाताला हरवणं सोपं नसतं.

त्या चिकन राइसचंच बघा ना. दिसायला अगदी साधा : पांढरं चिकन, पांढरा भात, काकडीच्या चकत्या. ‘यात काय एवढं?’ असं म्हणाल, आणि पहिल्या घासाला गप्प व्हाल. कोंबडी अख्खी, उकळत्या नव्हे, जेमतेम हलणाऱ्या गरम पाण्यात शिजवतात. शिजली की थेट बर्फाच्या पाण्यात बुडी. त्याने शिजणं जागीच थांबतं आणि कातडीखाली जेलीसारखा तलम थर जमतो. खरी जादू मात्र भातात. तांदूळ कोंबडीच्याच चरबीत लसूण-आल्यावर परततात आणि तिच्याच स्टॉकमध्ये शिजवतात, सोबत सुगंधी पांदानची पानं. जोडीला झणझणीत मिरची-आल्याची चटणी. चीनच्या हैनान बेटावरून आलेल्या लोकांनी ही कल्पना आणली, सिंगापूरने तिला राष्ट्रीय पदार्थाचा मान दिला. मॅक्सवेल फूड सेंटरमधलं ‘तियान तियान’ यासाठी जगप्रसिद्ध, आणि रॅम्झीला चिकन राइसमध्ये धूळ चारणारे तेच!

चॉपस्टिक जमत नाहीत? नो टेन्शन! कातोंग भागात मिळणाऱ्या लक्सात नूडल्स आधीच बारीक कापलेल्या असतात. नारळाच्या दुधाचा तिखट-मलईदार रस्सा आणि हातात फक्त चमचा. सुर्रकन प्या, खा, संपवा.

चला, आता कॉफी. म्हणजे ‘कोपी’! इथे नुसतं ‘वन कॉफी प्लीज’ म्हटलं तर काम भागत नाही, कोड लागतो. ‘कोपी’ म्हणजे कंडेन्स्ड मिल्क घातलेली गोड कॉफी. ‘कोपी ओ’ म्हणजे काळी, साखर घालून. ‘कोपी सी’ म्हणजे इव्हॅपोरेटेड मिल्कवाली. पुढे शेपट्या जोडत जायचं : ‘कोसोंग’ म्हटलं की साखर गायब, ‘सिउ दाय’ म्हटलं की गोड कमी, ‘गाउ’ म्हणजे कडक, ‘पेंग’ म्हणजे बर्फ टाकून. ‘कोपी ओ कोसोंग पेंग’ एका दमात म्हणा, काउंटरवरचे अंकल खूश! हो, तिथेही सगळे अंकल आणि आंटीच. आपल्याला अगदी घरच्यासारखं.

या कोपीच्या बिया भाजताना कढईत साखर आणि मार्गारीन घालतात, माहीत आहे का? म्हणून तो काळाकुट्ट रंग आणि कॅरॅमलचा वास. गाळायला लांब कापडी पिशवी. पार्सल हवंय? प्लास्टिकच्या पिशवीत ओततात, तोंडाला दोरी बांधतात, स्ट्रॉ खोचतात. बोटाला लटकवा आणि चालू लागा.

पोरं सोबत असतील तर ‘मायलो डायनोसोर’ मागवा. थंडगार मायलोचा, म्हणजे चॉकलेट-माल्ट पेयाचा, ग्लास आणि वर न विरघळलेल्या मायलो पावडरचा डोंगर! सोया दुधात काळी ग्रास जेली घातलेल्या पेयाला तर थेट ‘मायकल जॅक्सन’ म्हणतात. काळं-पांढरं एकाच ग्लासात.

थोडा इतिहास, पण पटकन. हे सगळं आधी रस्त्यावरच होतं. हातगाड्या, कावडी, टोपल्या. नूडल्सवाल्याचा पोऱ्या बांबूच्या काठ्या एकमेकींवर आपटत गल्लीतून फिरायचा, ‘टॉक-टॉक’! आवाज आला की लोक ऑर्डर द्यायचे आणि वाडगा दारात यायचा. ॲप नाही, नेटवर्क नाही, फूड डिलिव्हरी चालू!

पण नळ नाही, गटार तुंबलेलं, उष्टं-खरकटं थेट नदीत. मग सरकारने काय केलं? हाकललं नाही. १९६८-६९ मध्ये देशभरच्या फेरीवाल्यांची नोंदणी केली, सुमारे १८ हजार जणांची! १९७१ पासून त्यांच्यासाठी नळ, वीज, सांडपाण्याची सोय असलेली सेंटर बांधायला घेतली आणि १९८६ पर्यंत रस्त्यावरचे फेरीवाले छपराखाली आणले. खाणं स्वस्त का राहिलं, याचं मोठं गुपित इथेच आहे. जागा सरकारची आणि जुन्या हॉकरांना भाडं सवलतीचं. फेरीवाला म्हणजे अडथळा नाही, शहराचं स्वयंपाकघर, असं मानून आखलेली ही योजना मला त्या शहराच्या सगळ्या उंच टॉवरांपेक्षा उंच वाटते.

जगानेही दाद दिली. १६ डिसेंबर २०२० रोजी सिंगापूरची हॉकर संस्कृती युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. या यादीतली सिंगापूरची ही पहिलीच एंट्री. राजवाडा नाही, नृत्य नाही, चक्क नाश्ता-जेवण!

जागांमधला हिरो पाहायचाय? लाऊ पा सात! १८९४ ची अष्टकोनी इमारत, आणि तिचं ओतीव लोखंड आलं कुठून? स्कॉटलंडच्या ग्लासगोमधून, जहाजाने! १९८६ मध्ये खालून मेट्रोचा बोगदा न्यायचा होता, तर अख्खा सांगाडा सुटा केला, जपून ठेवला आणि नंतर पुन्हा जोडला. संध्याकाळी शेजारचा बून टाट स्ट्रीट गाड्यांना बंद होतो, रस्त्यावर टेबलं येतात आणि कोळशावर साटेच्या, म्हणजे मसालेदार मांसाच्या तुकड्यांच्या, काड्या चरचरू लागतात. शेंगदाण्याच्या जाडसर सॉसमध्ये बुडवा आणि ओढा. पूर्वीचे साटेवाले शेवटी रिकाम्या काड्या मोजून पैसे घ्यायचे.

फिल्मी कनेक्शन हवंय? ‘क्रेझी रिच एशियन्स’ या २०१८ च्या सिनेमात अब्जाधीश मंडळी विमानतळावरून थेट कुठे जेवायला जातात? न्यूटन फूड सेंटर! पैसा कितीही असो, पोटाला पत्ता बरोबर ठाऊक असतो.

आता आपल्या देशाचा वाटा. फिश-हेड करी, म्हणजे माशाचं भलंमोठं डोकं घातलेली आंबट-तिखट आमटी, आपल्याकडून आयात झाली असं वाटेल. तर नाही! दक्षिणी मसाला आणि चिनी गिऱ्हाइकांना प्रिय असलेलं माशाचं डोकं यांची गाठ सिंगापुरातच बांधली गेली. श्रेय दिलं जातं ते केरळहून आलेल्या गोमेझ नावाच्या खानावळवाल्याला.

भारतीय मुस्लिम आचाऱ्यांनी तर कमालच केली. चिनी पिवळ्या नूडल्स घेतल्या, टोमॅटो केचप आणि मिरची टाकून लालभडक परतल्या आणि झाली ‘मी गोरेंग’. सुलतान मशिदीसमोरचं ‘झम झम’ १९०८ पासून खिमा भरलेला मुर्तबाक पराठा विकतंय. आणि प्राटा! मैद्याचा गोळा हवेत भिरभिरवत कागदासारखा पातळ करायचा, घडी घालायची, तव्यावर खरपूस. बाहेर कुरकुरीत, आत पापुद्रेच पापुद्रे. चीजचा मिळतो, केळ्याचा मिळतो, चॉकलेटचासुद्धा मिळतो. माझं मत साध्यालाच!

उलट बाजूही ऐका. मुंबई-पुण्यातल्या चायनीजच्या मेनूवर हमखास दिसणाऱ्या ‘सिंगापुरी नूडल्स’, त्याच, पिवळ्याधमक, करी पावडरवाल्या, सिंगापूरच्या हॉकरकडे मागितल्या तर तो गोंधळेल. त्यांचा जन्म हाँगकाँगचा!

शाकाहारी मंडळींनो, पान उलटू नका! ग्रुप टूरने जाऊन तिन्ही त्रिकाळ पनीर-बुफे जेवून परतणाऱ्यांबद्दल मला खरंच वाईट वाटतं. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये डोसे, अप्पम आहेतच. पण त्यापुढे जा. ‘व्हेजिटेरियन बी हून’चा चिनी शाकाहारी स्टॉल शोधा. तांदळाच्या शेवया, कोबी, टोफूचे प्रकार, आणि सकाळच्या नाश्त्याला एकदम फिट. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा. चिकन राइसचा नुसता भातही शाकाहारी नसतो, तो चरबीत परतलेला असतो. लक्साच्या रश्श्यात आणि लाल साम्बाल चटणीत बहुतेक वेळा सुकट असते. आणि प्राट्यासोबत माशाची करी येऊ शकते, डाळ मागून घ्या.

चिली क्रॅब मात्र ‘स्वस्त आणि मस्त’मधला फक्त ‘मस्त’! आज खेकडा वजनावर विकतात आणि बिल जड होतं. पण जन्म कुठला, माहीत आहे का? १९५० च्या दशकात, चेर याम तियान या बाईच्या घरात. नुसत्या वाफवलेल्या खेकड्याला कंटाळलेल्या नवऱ्याने काहीतरी वेगळं कर म्हटलं, तिने बाटलीतला टोमॅटो सॉस आणि मिरची वापरून बघितली, आणि मग कालांग नदीकाठी हातगाडीवर ते खेकडे विकायला लागली. एका घरातली फर्माईश, अख्ख्या देशाची शान! पैसे वाचवायचे असतील तर मित्रांत एक खेकडा घ्या आणि तळलेले मान्तोउ पाव भरपूर. सॉस पुसून खाण्यातच अर्धी मजा आहे.

एक काळजीची गोष्टही सांगायला हवी. हॉकरांचं सरासरी वय साठीच्या आसपास पोहोचलंय. पहाटे उठून स्टॉक चढवायचा, दिवसभर उकाड्यात उभं राहायचं, आणि गिऱ्हाइकाला पन्नास सेंटची भाववाढही खुपते. चांगल्या जागेसाठी चढाओढ अशी की २०२४ मध्ये एका स्टॉलसाठी महिना दहा हजार सिंगापूर डॉलरपेक्षा जास्त भाड्याची बोली लागली! नव्या पिढीला शिकवायला सरकारी प्रशिक्षण योजना आहेत. तरुण स्टॉलवाला दिसला तर तिथे आवर्जून खा. पुढच्या तीस वर्षांचं जेवण त्याच्या हातात आहे.

शेवट गोड? पुतु पिरिंग! तांदळाच्या पिठाचा बशीएवढा छोटा वाफवलेला मऊ गोळा, पोटात वितळलेला माडाचा गूळ, सोबत ओलं खोबरं. मोदक खाऊन वाढलेल्या जिभेची पहिल्याच घासाला ओळख पटेल. हेग रोडवरच्या स्टॉलला तर नेटफ्लिक्सच्या ‘स्ट्रीट फूड : एशिया’ने २०१९ मध्ये जगभर पोहोचवलं.

खाऊन झालं? मग उठताना ट्रे उचला! १ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये ट्रे आणि उष्टी भांडी जागेवर नेऊन ठेवणं सक्तीचं झालंय. पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा ३०० सिंगापूर डॉलर दंड. म्हणजे साठ-सत्तर प्लेट चिकन राइस! ठेवताना फलक वाचा. हलाल जेवणाच्या ट्रेसाठी रॅक वेगळा, बाकीच्यांसाठी वेगळा. जेवताना टेबल मात्र सगळ्यांचं एकच.